मोकळी ठेवलेली जागा

डेबियन लिनक्स बसवायला घेतलं की इन्स्टॉलर एका टप्प्यावर काही पर्याय पुढे ठेवतो. सगळ्या फाइली एकाच पार्टिशनमध्ये, होम वेगळं, किंवा होम, व्हार आणि टेम्प ही तिन्ही वेगळी. पहिल्या पर्यायाला ‘नवख्यांसाठी हाच बरा’ अशी शिफारस जोडलेली असते. बहुतेक जण एंटर दाबतात आणि पुढे जातात. पुण्यातल्या एका कंपनीत सर्व्हर सांभाळणारी आणि सुट्टीच्या दिवशी नात्यागोत्यात घरचे सर्व्हर लावून देणारी एक सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर मात्र हा पडदा येण्याच्या कितीतरी आधी कागद-पेन घेऊन बसते. प्रश्न समोर आल्यावर विचार सुरू करायचा म्हणजे उशीरच झाला, असं तिचं म्हणणं.

घरचा सर्व्हर म्हणजे फार भारी यंत्र लागतं असं नाही. ऑफिसने काढून टाकलेला एखादा डेस्कटॉप, ८ जीबी रॅम, सिस्टिमसाठी २५० जीबीची एसएसडी आणि डेटासाठी ४ टीबीच्या दोन हार्ड डिस्क. एवढ्यात एका कुटुंबाचं सगळं मावतं. फोनवरचे फोटो आपोआप उतरवून घेणारं इमिच, सिनेमे आणि गाणी दाखवणारं जेलीफिन, घरातल्या सगळ्या लॅपटॉपवर दिसणारं सांबाचं एक फोल्डर. तिच्या स्वतःच्या घरच्या सर्व्हरवर याखेरीज बाबांनी स्कॅन केलेले जमिनीचे कागद आहेत आणि आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या आहेत. त्या जुन्या कॅसेटवरून उतरवून घेतल्या. कॅसेटची फीत आता वाजवण्याच्या लायकीची राहिलेली नाही.

कागदावर ती आकडे सगळ्यात शेवटी लिहिते. आधी प्रत्येक गोष्टीपुढे दोन प्रश्नांची उत्तरं लिहिते: हे गेलं तर परत कुठून मिळेल, आणि हे कुठवर फुगू शकतं? ऑपरेटिंग सिस्टिम गेली तर तासाभरात पुन्हा बसते आणि ती फारशी फुगतही नाही. सिनेमे गेले तर हळहळ वाटेल, पण ते परत मिळतात. फोटो आणि ओव्या गेल्या तर गेल्या. इमिचचा डेटाबेस आकाराने काही जीबींचाच असतो. पण कोणत्या चेहऱ्याला कोणतं नाव, कोणत्या अल्बममध्ये कोणते फोटो, हे घरच्यांनी बसून केलेलं सगळं काम त्यात असतं. आणि लॉग? ते गेले तरी कुणाला पत्ता लागत नाही, पण फुगायला लागले तर त्यांना धरबंद नसतो. हा कागद तयार झाला की रेषा कुठे मारायच्या हे जवळजवळ ठरलेलंच असतं.

या रेषांचा इतिहास युनिक्सइतकाच जुना आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची पीडीपी-११ या यंत्रावर युनिक्स घडवत होते. सिस्टिम वाढत गेली आणि पहिल्या डिस्कवर मावेनाशी झाली, तेव्हा तिचा काही भाग दुसऱ्या डिस्कवरच्या यूएसआरमध्ये गेला. तिथे खरं तर वापरणाऱ्यांच्या स्वतःच्या फाइली असायच्या. केवळ जागेच्या अडचणीतून पडलेली ही फूट पुढे चाळीस वर्षं बहुतेक युनिक्सनी आणि लिनक्सने निष्ठेने पाळली. फेडोराने २०१२ मध्ये ती मिटवली. डेबियनमध्ये बारावी आवृत्ती २०२३ साली आली तोवर जुनी मांडणी हद्दपारच झाली होती. त्यामुळे जुन्या पुस्तकात वाचून आजही कुणी यूएसआरसाठी स्वतंत्र पार्टिशन काढायला निघालं, तर ती त्याला थांबवते. ज्या अडचणीपायी ती रेषा मारली होती, ती अडचण आता उरलेली नाही.

व्हारची गोष्ट वेगळी. तिथे सिस्टिमचे लॉग असतात, तिथेच डॉकरचा सगळा पसारा असतो, आणि घरच्या सर्व्हरवर आज जवळजवळ प्रत्येक गोष्ट डॉकरच्या कंटेनरमध्ये चालते.

नात्यातल्या एका घरी सगळं एकाच पार्टिशनमध्ये होतं. एका संध्याकाळी फोटो चढेनात, मग जेलीफिनही उघडेना. ती घरून त्या मशीनमध्ये शिरली. कमांडचं पहिलं अक्षर टाइप करून टॅब दाबलं, तर नाव पुरं करून देण्याऐवजी बॅशने सांगितलं की तात्पुरती फाइल बनवायला डिस्कवर जागा नाही. ज्यांनी हे एकदा पाहिलंय त्यांना पुढचं काही विचारावं लागत नाही. डीएफ चालवलं, रूट शंभर टक्के. मग डीयूने एकेक फोल्डर मोजत खाली उतरल्यावर एका कंटेनरची लॉगफाइल सापडली. गॅलरीतला कॅमेरा केव्हातरी बंद पडला होता. त्याचं चित्रण साठवणारा कंटेनर त्याच्याशी जोडणी साधायचा प्रयत्न करत होता आणि प्रत्येक अपयशाची लांबलचक नोंद करत होता. कित्येक महिने, अव्याहत. डॉकर स्वतःहून या फाइलीला आकाराची मर्यादा घालत नाही. ती आपण घालून द्यावी लागते.

इथे एक बारकावा आहे. ईएक्सटी४ फाइलसिस्टिम मुळातच पाच टक्के जागा रूट वापरकर्त्यासाठी बाजूला ठेवते. सामान्य वापरकर्त्याने डिस्क भरली तरी प्रशासकाला आत शिरून साफसफाई करता यावी, हा हेतू. पण डॉकर स्वतःच रूट म्हणून चालतो. त्यामुळे ती राखीव जागाही त्याच लॉगने खाल्ली होती. घरातल्या कुणीतरी मधल्या काळात एक मोठी फाइल पुसून पाहिली होती, तरी डीएफचा आकडा हलला नव्हता, कारण ती फाइल एका चालू प्रोग्रॅमने उघडून धरली होती. लिनक्समध्ये फाइलीचं नाव पुसलं तरी ती उघडून बसलेला प्रोग्रॅम बंद होईपर्यंत जागा सुटत नाही. एलएसओएफने अशा पुसलेल्या पण उघड्या फाइलींची यादी मिळते. तिने तो प्रोग्रॅम नव्याने सुरू केला, लॉगफाइल न पुसता शून्यावर आणली, तेव्हा कुठे यंत्राने श्वास घेतला.

या सगळ्या प्रकरणात एका बंद कॅमेऱ्यापायी फोटोंचा डेटाबेस थांबला होता. डिस्कवर लिहिता येईना तेव्हा पोस्टग्रेस थांबतो, आणि त्याने थांबावं हेच बरोबर आहे. चूक आहे ती लॉग आणि डेटाबेस एकाच हद्दीत राहू देण्यात. म्हणून ती एसएसडीवर आता रूटला ३० जीबी, व्हारला ५०, डेटाबेसला वेगळे ३० आणि स्वॅपला ४ जीबी देते. ईएफआयच्या पार्टिशनला ५१२ एमबी आणि बूटला १ जीबी आधीच गेलेले असतात. बूटला त्याहून कमी देऊ नये, कारण जुने कर्नल साठत जातात आणि नेमक्या अपडेटच्या वेळी जागा संपते. स्वॅप रॅमच्या दुप्पट हवी हा नियम रॅम चार-आठ एमबी असायची त्या काळचा. घरचा सर्व्हर हायबरनेट होत नाही, त्याला थोडीशी पुरते.

बेरीज केली तर २५० जीबीच्या एसएसडीची निम्मी जागा कुणाच्याच नावावर नाही. पाहणाऱ्याला हे विचित्र वाटतं. पैसे देऊन घेतलेली जागा रिकामी का ठेवायची?

याचं उत्तर एलव्हीएममध्ये आहे. हाइन्झ माउल्सहागेन यांनी १९९८ साली लिनक्ससाठी ते लिहिलं. एचपी-यूएक्स प्रणालीतली तशीच सोय त्यांच्यासमोर होती. डिस्कवर थेट पार्टिशनांच्या रेषा न मारता सगळी जागा आधी एका गटात जमा करायची आणि त्यातून लागेल तसे कप्पे काढायचे. मुळात चार-चार एमबींचे तुकडे, ते कप्प्याला जोडत जायचं. हे तुकडे डिस्कवर सलग असावे लागत नाहीत. कप्पा वाढवणं हे एका कमांडचं काम आहे, यंत्र चालू असताना, फोटो चढत असताना. कमी करणं तेवढं सोपं नाही. ईएक्सटी४ आकसवता येते, पण ती उतरवून, आधी तपासून आणि बॅकअप घेऊनच. एक्सएफएस तर व्यवहारात लहान करताच येत नाही. वाढवणं सोपं आणि घटवणं अवघड असेल, तर सुरुवात लहान आकारानेच करावी हे ओघाने आलंच. लहान मुलीचा परकर शिवताना शिंपी आत दाब ठेवतो, तशी ही जागा.

नाशिकला असलेल्या तिच्या मामेभावाने पहिल्यांदा उबुंटू सर्व्हर बसवला तेव्हा हाच दाब त्याच्या नजरेतून सुटला. त्याचा फोन आला.

“ताई, अगं पाचशे जीबीची एसएसडी घेतली आणि हे म्हणतंय अठ्ठ्याण्णवच आहेत. दुकानदाराने फसवलं बहुतेक.”

“दुकानदाराचं सोड. व्हीजीएस म्हणून टाइप कर आणि शेवटच्या रकान्यात काय दिसतंय ते वाच.”

“तीनशे साठच्या पुढे काहीतरी.”

“मग आहे की सगळी. तुला दिलेली नाही एवढंच. आत्ता काही उडवू नकोस, आणि सगळी एकदम घेऊही नकोस.”

उबुंटू सर्व्हरचा इन्स्टॉलर मोठ्या डिस्कवर एलव्हीएम मांडताना रूटला शंभर जीबीच देतो आणि बाकीची गटात मोकळी ठेवतो. हे न कळल्यामुळे गोंधळलेले लोक जगभर आहेत. उपाय म्हणून सगळीकडे सांगितलं जातं ते हेच, की उरलेली सगळी जागा एका कमांडने रूटला देऊन टाका. तिने मामेभावाला तसं करू दिलं नाही. व्हार आणि डेटाबेसचे वेगळे कप्पे काढायला लावले आणि शंभरेक जीबी शिल्लक ठेवायला सांगितले. मोठं अपडेट करण्याआधी एलव्हीएममध्ये स्नॅपशॉट घेता येतो, आणि तो घ्यायला गटात मोकळी जागा असावी लागते. ज्याने सगळी वाटून टाकली, त्याच्या हातून ही सोयही गेली.

मोठ्या डिस्कवर मांडणी वेगळी. त्याआधी एक अडथळा ओलांडावा लागतो. एमबीआर ही पार्टिशनची जुनी पद्धत १९८३ साली पीसी डॉस २.० बरोबर आली. डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत तिचा सगळा संसार: ४४६ बाइट यंत्र सुरू करण्याच्या कोडला, ६४ बाइट तक्त्याला, २ बाइट खुणेला. तक्त्यातली एक नोंद १६ बाइटांची, म्हणून मुख्य पार्टिशनं चारच. सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहिलेला, म्हणून ५१२ बाइटांचे सेक्टर धरले तर मजल साधारण २.२ टीबीपर्यंतच. ४ टीबीची डिस्क कुणी जुन्या सवयीने एमबीआरने मांडली, तर जवळपास अर्धी डिस्क पार्टिशनच्या आवाक्याबाहेर राहते. जीपीटीत ही अडचण नाही. तिच्यात साधारणपणे १२८ नोंदी मावतात, तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते, आणि प्रत्येक पार्टिशनला नाव देता येतं. ती हे नाव न चुकता देते. वर्षभराने दुसऱ्याच कुणाला ही डिस्क हाताळावी लागली, तर आकड्यांवरून अंदाज बांधत बसायला नको.

४ टीबीच्या प्रत्येक डिस्कचे ती दोन भाग करते. ३ टीबीचा एक, आणि उरलेला दुसरा. दोन्ही डिस्कवरचे ३ टीबीचे भाग एमडीएडीएमने एकमेकांचे मिरर होतात. फोटो, ओव्या, कागदपत्रं तिथे. दोन प्रती ठेवण्याची ही युक्ती जुनीच, पण तिला रेड हे नाव आणि पहिल्या पातळीचं स्थान मिळालं ते बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांच्या १९८८ च्या निबंधातून. उरलेल्या दोन भागांवर सिनेमे, मिररशिवाय. ते परत मिळतात, मग त्यांच्या दोन प्रती ठेवून जागा का घालवायची? पार्टिशनिंगचं खरं काम तिला इथे दिसतं. एकाच डिस्कवर दोन वेगळ्या मोलाच्या वस्तू आहेत, आणि मधली रेषा म्हणते की यांची काळजी सारखी घ्यायची नाही. शेवटचा एखादा जीबी ती कुठल्याच भागाला देत नाही, कारण पुढे बदली आणलेली डिस्क काही सेक्टरांनी लहान निघाली तर ती जुनीच्या जागी बसत नाही.

आता प्रत्यक्ष रेषा मारण्याची वेळ. हा भाग ती सावकाश करते आणि शिकणाऱ्यालाही सावकाश करायला लावते. लिनक्समध्ये डिस्कना एसडीए, एसडीबी अशी नावं मिळतात, पण ती आज एक आणि उद्या दुसरी असू शकतात. यंत्र सुरू होताना जी आधी सापडेल ती पुढे. म्हणून ती एलएसबीएलकेला डिस्कचा सीरियल क्रमांकही दाखवायला सांगते. मग टॉर्च घेऊन डेस्कटॉपचं झाकण उघडते आणि डिस्कवरच्या स्टिकरवरचे शेवटचे चार आकडे मोठ्याने वाचते. पडद्यासमोर बसलेल्याने तेच आकडे परत म्हणायचे. जुळले की एफडिस्क उघडायचं. एफडिस्कची एक चांगली गोष्ट अशी की डब्ल्यू दाबेपर्यंत डिस्कवर काहीही लिहिलं जात नाही. सगळे बदल मेमरीत असतात. पार्टेडचं तसं नाही, तिथे कमांड दिली की बदल झालाच. म्हणून शिकवताना ती एफडिस्कच वापरते. नवा तक्ता मांडायचा, पहिलं पार्टिशन २०४८ क्रमांकाच्या सेक्टरपासून सुरू होतंय ना ते पाहायचं, पी दाबून पूर्ण तक्ता छापून कागदाशी ताडायचा. जुन्या काळी सुरुवात ६३ व्या सेक्टरपासून व्हायची. आजच्या डिस्क आतून ४०९६ बाइटांच्या ठोकळ्यांत लिहितात; ६३ पासून सुरू केलेलं पार्टिशन त्या ठोकळ्यांच्या हद्दीत बसत नाही आणि लिहिण्याचा वेग पडतो. सगळं ताडून झालं की ती हात कीबोर्डवरून काढून घेते आणि डब्ल्यू शिकणाऱ्याला दाबायला सांगते.

पार्टिशन झालं म्हणजे काम झालं, असं समजणाऱ्यांना ती एफस्टॅबकडे घेऊन जाते. कोणतं पार्टिशन कोणत्या फोल्डरवर जोडायचं हे त्या फाइलीत लिहिलेलं असतं, आणि तिथे यूयूआयडीच लिहायचा, एसडीए-एसडीबी नाही. त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे डिस्क सापडलीच नाही तर काय करायचं याचा. काही लिहिलं नसेल तर सिस्टिमडी साधारण दीड मिनिट वाट पाहतो आणि आणीबाणीच्या अवस्थेत जाऊन बसतो. माळ्यावर ठेवलेल्या, मॉनिटर नसलेल्या यंत्राच्या बाबतीत याचा अर्थ शिडी लावून मॉनिटर वर चढवणं. म्हणून लोक नोफेल हा पर्याय लिहितात. मग यंत्र बिनबोभाट सुरू होतं आणि त्यातून दुसरी भानगड उभी राहते.

अशी भानगड तिने एका स्नेह्यांच्या घरी निस्तरली. साफसफाई करताना डिस्कची केबल सैल झाली होती. यंत्र सुरू झालं, फोटोंची डिस्क जोडली गेली नाही, पण ज्या फोल्डरवर ती जोडायची ते रिकामं फोल्डर एसएसडीवर होतंच. फोनवरून येणारे नवे फोटो तिथे साठत गेले. पुढे केबल नीट बसवली, डिस्क जोडली गेली आणि ते सगळे फोटो दिसेनासे झाले. ते कुठेही गेले नव्हते. जोडलेल्या डिस्कखाली झाकले गेले होते. तिने रूट दुसऱ्या एका जागी बाइंड पद्धतीने जोडून आत पाहिलं, तर घरातल्या बाळाच्या उष्टावणाचे फोटो जसेच्या तसे. त्या बाळाच्या आजीचा जीव भांड्यात पडला. तेव्हापासून ती डिस्क जोडण्याआधी रिकाम्या फोल्डरवर चॅटरने अपरिवर्तनीयतेची खूण लावते. डिस्क जोडलेली नसेल तर तिथे रूटलाही लिहिता येत नाही. शिवाय ज्या सेवेला ते फोल्डर लागतं तिला सिस्टिमडीमध्ये तशी अट घालते, म्हणजे डिस्कशिवाय ती सेवा सुरूच होत नाही. फोटो चढत नाहीत, घरचे फोन करतात, आणि फोन आलेला केव्हाही बरा.

मिरर म्हणजे बॅकअप असा समज अजूनही घट्ट आहे. चुकून पुसलेला फोटो मिररच्या दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी जातो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात पुराचं पाणी शिरलं, तेव्हा तळमजल्यावरच्या कपाटात ठेवलेल्या वस्तूंचं काय झालं हे तिने नातेवाइकांच्या घरी पाहिलं आहे. त्यामुळे ओव्या, कागदपत्रं आणि फोटोंची एक प्रत दर रात्री नाशिकला मामेभावाच्या सर्व्हरवर जाते, त्याची तिच्याकडे येते. दोघांनीही एकमेकांसाठी वेगळा कप्पा ठरवून दिला आहे, मर्यादेसकट. पाहुण्याचा डेटा फुगून यजमानाची डिस्क भरू नये म्हणून.

सध्या तिच्या कागदावर पुढचा बदल लिहिलेला आहे. फोटोंचा कप्पा भरत आला आहे आणि ८ टीबीच्या दोन डिस्क घ्यायच्या आहेत. एक जुनी डिस्क काढायची, तिच्या जागी नवी, तिच्यावर ६ टीबीचं पार्टिशन, मग मिरर पुन्हा जुळू द्यायचा. ३ टीबी जुळायला सहा-सात तास लागतात, आणि तेवढा वेळ फोटोंची घरातली एकच प्रत जिवंत असते. म्हणून आदल्या रात्रीची नाशिकची प्रत पूर्ण झाल्याचं पाहिल्याशिवाय आणि उरणाऱ्या डिस्कची स्मार्ट चाचणी झाल्याशिवाय सुरुवात करायची नाही. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाण्याची शक्यता असते, तो दिवस टाळायचा. सिनेमे आधी बाहेर काढून ठेवायचे. दुसरी डिस्क तशीच बदलायची, मिरर वाढवायचा, एलव्हीएमच्या गटाला नवा आकार कळवायचा आणि फोटोंच्या कप्प्याला त्यातला एक टीबी द्यायचा. उरलेले दोन टीबी कुणाला, हे तिने लिहिलेलं नाही.